खर्ज कापू नका

ध्वनिमुद्रणाच्या कामात नव्या माणसाला जी बटणं सगळ्यात आधी दाखवतात, त्यांत एक लो-कटचं असतं. मिक्सरवर, रेकॉर्डरवर, कित्येक मायक्रोफोनच्या अंगावरही ते असतं. दाबलं की साधारण ८० हर्ट्झच्या खालचे आवाज गळून जातात. एसीची घरघर, रस्त्यावरून गेलेला ट्रक, वरच्या मजल्यावर कुणी सरकवलेलं कपाट, माइकच्या स्टँडला लागलेला पाय, हे सगळं जातं आणि बोलणाऱ्याचा आवाज स्वच्छ उरतो. मालिकांचं डबिंग, जाहिराती, श्राव्य पुस्तकं हे माझं रोजचं काम. सकाळी सफाळ्याहून गाडी पकडायची, विरारच्या पुढे गर्दीत उभं राहायचं आणि स्टुडिओत पोचल्यावर ते बटण दाबून दिवस सुरू करायचा. त्यात गैर काहीच नाही. बोलण्याला इतक्या खालच्या आवाजाची गरज नसते.

अडचण अशी की संगीतालाही आम्ही हाच नियम लावू लागलो. ऐकणारा मोबाइलवर ऐकणार, मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येतच नाही, मग ठेवायचं कशाला? खाली जे असतं ते तापदायक, जागा खाणारं, शक्यतो साफ करायचं, अशी आमच्या धंद्याची खोड झाली आहे. माझ्यापुरती ती सुटली एका तबकडीमुळे. एबरहार्ड वेबर या जर्मन बेसवादकाची ‘द कलर्स ऑफ क्लोई’. आमच्या स्टुडिओतले ज्येष्ठ ध्वनिमुद्रक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी एका संध्याकाळी ती लावली आणि म्हणाले, “यात पुढे कोण आहे ते सांग.” मी पियानो म्हटलं, मग चेलो म्हटलं. दादा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने कळलं की जो स्वर मी गाणाऱ्या चेलोचा समजत होते त्यातला बराचसा बेसचा होता.

ही तबकडी डिसेंबर १९७३ मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सबुर्ग गावात मुद्रित झाली. वेबर यांचा जन्म १९४० सालचा, श्टुटगार्टचा. वडील चेलो शिकवायचे, त्यामुळे लहानपणी हातात आला तो चेलो. डबल बेसकडे ते सोळाव्या वर्षाच्या सुमारास वळले. पुढे बरीच वर्षं दूरचित्रवाणी आणि नाटकाच्या दिग्दर्शनाचं काम सांभाळून वाजवत राहिले. स्वतःच्या नावाची पहिली तबकडी आली तेव्हा तिशी उलटून गेली होती. मुखपृष्ठावरचं चित्र पत्नी माया वेबर यांचं. तबकडी काढणारी ईसीएम ही कंपनी म्युनिकला १९६९ साली सुरू झालेली, आणि तिचे संस्थापक मानफ्रेड आइशर मुळात स्वतःच डबल बेस वाजवणारे. या कंपनीच्या तबकड्यांमधला बेस इतका नीट का ऐकू येतो, याचं एक उत्तर मला तरी तिथेच सापडतं.

जॅझमध्ये डबल बेसचं काम ठरलेलं असतं. ड्रमवाल्याबरोबर लय धरायची, स्वरसंगतीचा पाया सांगत राहायचं आणि बाकीचे वाजवत असताना मागे उभं राहायचं. मध्ये एखादी फेरी त्याच्या वाट्याला येते. तेवढ्यात लोक ग्लास भरून घेतात, हे मी हॉटेलांतल्या कार्यक्रमांत पाहिलेलं आहे. बेसवरून अख्खा ताफा हाकणारे चार्ल्स मिंगससारखे लोक होऊन गेले. बार फिलिप्स यांनी तर १९६८ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये एकट्या डबल बेसचं मुद्रण केलं. खरं तर ते एका संगीतकाराला इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी कच्चा माल म्हणून हवं होतं. ऐकल्यावर त्याच संगीतकाराला वाटलं की याला हात लावू नये, हे जसंच्या तसं निघालं पाहिजे. वेबर यांनी केलं ते मला याहूनही वेगळं वाटतं. ते एकटे वाजवत नाहीत, आणि मिंगससारखे कुणाला हाकतही नाहीत. ते घाई काढून घेतात. पुढारी सर्वांत खालच्या वाद्यावर बसला आणि त्याला कुठे पोचायची घाई नसली, तर बाकीच्यांनाही धावता येत नाही. पियानोवरची छोटी आवर्तनं फिरत राहतात, चेलोंचा थर हळूहळू चढतो, आणि बेस त्यांच्यामधून एखादी ओळ म्हणतो आणि थांबतो. मागची बाजू ‘नो मोशन पिक्चर’ या एकाच रचनेने भरली आहे, जवळजवळ वीस मिनिटांची. यातले चेलोवादक श्टुटगार्टच्या रेडिओच्या सिंफनी वाद्यवृंदातले. पियानो आणि सिंथेसायझर रायनर ब्र्यूनिंगहाउस यांचा. त्या सिंथेसायझरचे काही आवाज आज कानाला जुने लागतात, हे मी मान्य करते. पण बेसचा एकही स्वर जुना झालेला नाही.

वेबर यांचं वाद्यही साधं नव्हे. डबल बेसचं माणसाच्या उंचीचं पोकळ लाकडी धूड काढून टाकून त्यांनी उभाच पण अरुंद अंगाचा विजेवर चालणारा बेस करून घेतला. पुढे नेहमीच्या चार तारांच्या वर पाचवी, उंच स्वराची तार चढवली. पोकळी गेली म्हणजे दणका गेला, पण स्वर लांबला. साध्या डबल बेसवर छेडलेला स्वर लवकर विरतो, यांचा कितीतरी वेळ टिकतो आणि टिकत असताना वळवताही येतो, मींड घेतल्यासारखा. दोन वर्षांनी, १९७५ च्या सप्टेंबरात त्यांनी ‘यलो फील्ड्स’ मुद्रित केली, तेव्हा सोबतीला चार्ली मारियानो होते. त्यांनी सॅक्सोफोनबरोबर आपली शहनाई आणि दक्षिणेतलं नागस्वरम वाजवलं. मला त्यात परकं काही वाटलं नाही, कारण खाली लांब स्वर धरलेला आणि वर फुंकीचं वाद्य, ही मांडणी आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे.

मराठी श्रोत्याला ही तबकडी ऐकवताना मी त्यामुळे जॅझचं नाव आधी काढत नाही. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा ऐकलीय का, असं विचारते. पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांचं गुरुकुल. १९९० साली ते गेले. त्यांनी आपल्या वीणेचे भोपळे मोठे करून घेतले, दांडी जाड केली, आणि खर्जातली आलापी अशी वाढवली की एका स्वरावर मिनिटंच्या मिनिटं जातात तरी आपण उठत नाही. वाद्य खाली उतरवायचं आणि मग त्याला गायला लावायचं, यासाठी श्टुटगार्टच्या माणसाने वाद्याची पोकळी काढली आणि पळस्प्याच्या उस्तादांनी ती वाढवली. दोघे दोन टोकांनी एकाच जागी आले. धृपदाची बैठक ज्याला आवडते त्याला ‘क्लोई’ आवडायला वेळ लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

त्यानंतर मला एका खऱ्याखुऱ्या डबल बेसचं मुद्रण करायची संधी मिळाली. बेसवादक गोव्याचा, वयाने तरुण, त्याच्याबरोबर एक पियानोवादक आणि एक ड्रमवाला. गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतलं जॅझ आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद पिढ्यान्‌पिढ्या उभे केले. त्यातही डबल बेस असायचा, पण मागच्या रांगेत. या मुलाला तो पुढे आणायचा होता. रचना सगळ्या संथ, गजाने ओढलेल्या लांब स्वरांवर उभ्या. मध्ये मध्ये नुसता लाकडाचा, तारेचा, राळ लावलेल्या गजाचा आवाज. त्याने मला पहिलीच गोष्ट सांगितली ती अशी, “ताई, माझा आवाज साफ नको करूस.”

त्याच्या सगळ्यात खालच्या तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा. एवढ्या खालच्या स्वराची एक लहर हवेत आठ मीटरांहून लांब असते. आमच्या डबिंगच्या खोल्या दहा बाय बाराच्या. त्यांत हा स्वर मावत नाही. भिंतींवरून तो परत येतो आणि स्वतःलाच कापतो, म्हणजे एका कोपऱ्यात ढोलासारखा घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. स्पंज लावून हे सुटत नाही, स्पंज फक्त वरचे स्वर शोषतो. म्हणून मोठी खोली घेतली, उंच छताची. तिथेही पहिल्या दुपारी मी माइकला हात लावला नाही. त्याला एकेक स्वर वाजवायला सांगितला आणि मी खोलीभर फिरत राहिले. मग त्याला त्याच्या वाद्यासकट दोन पावलं मागे सरकवलं, थोडं तिरकं उभं केलं, आणि जे स्वर एकमेकांवर ओरडत होते ते सारखे झाले. एक माइक घोडीच्या समोर, वीतभर अंतरावर, तिथे बोटं आणि गज दोन्ही मिळतात. दुसरा लांब, खोलीसाठी. वातावरण म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात ते पुष्कळदा नंतर चढवलेला प्रतिध्वनी असतो. आम्ही तो चढवायचा नाही असं ठरवलं, आणि त्या दुसऱ्या माइकने आम्हाला साथ दिली.

दुसऱ्या रचनेत एक स्वर हलत होता. खालच्या तारेवरचा जी, ४९ हर्ट्झचा. तो गजाने लांब ओढला की त्यात सेकंदाला दोन असा हलका हेलकावा यायचा. बाकीचे स्वर ठाम. वादकाने तार बदलून पाहिली, गज बदलला, स्वतःवरच चिडायला लागला. मी हेडफोन काढून खोलीत गेले, सगळ्यांना गप्प बसवलं आणि कान दिला. भिंतीजवळच्या दिव्यांच्या एका जुन्या चोकमधून वीजपुरवठ्याची गुणगुण येत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि चोकची गुणगुण तिच्या दुप्पट, १०० हर्ट्झची. ती आणि त्या जीचा ९८ हर्ट्झचा उपस्वर जवळजवळ आले की दोघांत तो दोन हर्ट्झचा झोका तयार होतो, तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा किंचित उतरल्यावर येतो तसाच. दिवे बंद केले, एका टेबलावरच्या बॅटरीच्या दिव्यात पुढचं मुद्रण केलं आणि तो जी सरळ उभा राहिला. लो-कट दाबलं असतं तर गुणगुण तशीच राहिली असती, स्वराचा पाया मात्र गेला असता.

मुद्रणानंतरचं काम मी सफाळ्याला घरी करत असे, रात्री. दिवसा जमणं शक्यच नव्हतं. आमचं गाव विरार आणि पालघरच्या मध्ये, वैतरणा ओलांडली की लगेच. तांदूळवाडीचा डोंगर एका अंगाला, खाडी आणि किनारा दुसऱ्या अंगाला, आणि मधून पश्चिम रेल्वेची मुख्य लाइन. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि माझ्यासारख्यांना मुंबईत नोकरी करून इथे राहणं जमू लागलं. पण ज्या रुळांनी नोकरी दिली तेच रात्री मालगाड्या नेतात. मालगाडीचा आवाज कानाला यायच्या आधी जमिनीतून येतो. त्याच पट्टीत, जिथे डबल बेस राहतो. हेडफोनमध्ये बेसचा एक लांब स्वर ऐकत बसलेले असताना पायाखालून दुसरा खर्ज सुरू होतो, आणि मग गाडी जाईपर्यंत काहीच ठरवता येत नाही. हात बाजूला ठेवून बसायचं. त्या बसण्यात मी पुष्कळ शिकले. डब्यांची लय, पूल आल्यावर बदलणारा पोत, गाडी लांब गेल्यावरही उरलेली जमिनीची थरथर. खालचा आवाज फार लांबून येतो आणि फार सावकाश जातो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. इथे ते अंगाला कळलं. त्या अल्बममधल्या दोन रचनांच्या मधली शांतता मी नेहमीपेक्षा लांब ठेवली. बेसवादकाने ती ऐकली आणि अजून थोडी वाढवायला सांगितली.

सफाळ्याच्या पूर्वेकडे गेलं की वारली पाडे लागतात. भातकापणी झाली की तिथे तारपा वाजतो. वाळवलेल्या दुधीच्या भोपळ्यात फुंकायचं, त्याला बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने बंद केलेले, आणि टोकाला ताडाच्या पानाचा गुंडाळून केलेला कर्णा. वाजवणारा मध्ये, नाचणारे हात धरून त्याच्याभोवती, आणि तारपेकऱ्याकडे पाठ करायची नाही हा नियम. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे तो फेर जगभर पोचला. आवाज मात्र तेवढा पोचला नाही. त्याचं कारण मला एका रात्री पाड्यावर रेकॉर्डर घेऊन बसले असताना दिसलं. तारपा वाजवणारे आजोबा गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, आवाज मध्ये कुठेही न तुटू देता वाजवत होते. तारपा डबल बेसइतका खाली उतरत नाही, पण त्याच्या बोटांच्या खेळाखाली एक दाट, सतत चालणारी गुंजन असते आणि नाचणाऱ्यांची पावलं तिच्यावर पडतात. मी मुद्रण करत होते आणि शेजारी तिथलीच पोरं मोबाइलवर घेत होती. नंतर दोन्ही लावून पाहिलं. माझ्याकडे जमिनीवरची पावलं होती, श्वास होता, गुंजन होती. मोबाइलमध्ये वरची शिट्टीसारखी सुरावट तेवढी राहिली होती, तीही कधी मोठी, कधी लहान.

यात पोरांचा दोष नाही. मोबाइल बोलण्यासाठी घडवलेला आहे. जो आवाज सतत एकसारखा चालतो तो पंख्याचा किंवा गाडीचा असणार असं त्याच्यातली यंत्रणा धरून चालते आणि तो दाबते. तानपुरा, तारपा, लांब ओढलेला बेस, ही सगळी मंडळी तिच्या लेखी गोंगाट. शिवाय मोठा आवाज आला की पातळी आपोआप खाली, थांबला की आपोआप वर. राहता राहिला आपला मेंदू. तो वरच्या स्वरांवरून खालचा स्वर कल्पनेने भरून काढतो, त्यामुळे मोबाइलवर बेस ऐकू आल्यासारखा वाटतो. पण पोटाला, छातीला, पायांना तो लागत नाही, आणि तारपा पायांसाठीच वाजतो.

वेबर यांच्या आयुष्यात पुढे जे घडलं ते इथे सांगायला हवं. २००७ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाजवणं थांबलं. त्याआधी अनेक वर्षं ते नॉर्वेच्या यान गार्बारेक यांच्या गटात वाजवत होते, आणि त्या मैफलींमधले त्यांचे एकट्याचे बेसचे तुकडे ध्वनिमुद्रित होऊन पडले होते. वेबर ते सगळे घेऊन बसले, त्यांतून निवडले, कुठे कीबोर्ड जोडला, आणि २०१२ मध्ये ‘रेझ्युमे’ नावाने तबकडी काढली. २०१५ मध्ये त्याच मार्गाने ‘आंकोर’ आली. ज्या माणसाचे हात थांबले त्याच्या दोन नव्या तबकड्या निघाल्या, कारण त्या मैफलींच्या वेळी टेबलामागे बसलेल्या कुणीतरी बेस पूर्ण, खालपासून वरपर्यंत, टिपून ठेवला होता. माझ्या धंद्यातल्या त्या अनोळखी माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

म्हणून पालघर, डहाणू, जव्हार, विक्रमगड या भागांत जे कुणी तारपा, पावरी, घांगळी ही वाद्यं टिपून ठेवत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. मोबाइल वापरायचाच असेल तर त्यात ध्वनिमुद्रणाचं असं अ‍ॅप घ्या ज्यात आवाजाची आपोआप साफसफाई आणि आपोआप पातळी ही दोन्ही बंद करता येतात. त्याहून चांगलं म्हणजे हातात मावणारा एखादा रेकॉर्डर वर्गणी काढून घ्या, पाड्यांमध्ये फिरवा. वाद्यापासून दोन-तीन हात लांब ठेवा, नाचणाऱ्यांची पावलं येऊ द्या, रातकिडे आले तरी चालतील, लांबून गाडी गेली तरी चालेल. लो-कटचं बटण बंद आहे ना, हे सुरू करण्याआधी एकदा पाहा. जे मुद्रित होईल ते कापूनकुपून न पाठवता मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि एक प्रत वाजवणाऱ्याच्या घरी द्या.